मावशीच्या नावावरची एक चूक

माझी मावशी माणसांना तोंडावरून ओळखत नाही. रस्त्यात कोणी हात केला की ती आधी त्याचे खांदे बघते, मग मांड्या, आणि मग कुठे तिचा चेहरा उजळतो, "अरे, तू होय!" आई सांगून सांगून थकली, "ताई, तोंडाकडे बघत जा गं लोकांच्या, बरं दिसत नाही ते." त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं, "तोंडाला कुठे कापड लागतं?"

मावशी कापड कापते. आमच्या घरासमोर रस्ता ओलांडला की जो लांबडा, पत्र्याच्या छपराचा कारखाना आहे, तिथे सायकल शर्यतीच्या संघांचे कपडे शिवले जातात. सायकल शर्यत म्हणजे शाळेच्या मैदानातली नव्हे. रोज दोनशे किलोमीटर, असे तीन-तीन आठवडे, डोंगर चढून उतरून, आणि तेही पोटासाठी. या लोकांचे कपडे अंगावर घालत नाहीत, अंगाला चिकटवतात म्हटलं तरी चालेल. काखेत एक सुरकुती पडली तर तिच्यात वारा भरतो, आणि एका सुरकुतीपायी माणूस पहिल्याचा नववा येतो, असं मावशी म्हणते. त्यामुळे प्रत्येकाची एकोणीस मापं लागतात. मानेपासून घोट्यापर्यंत. उजवं वेगळं, डावं वेगळं.

कारखान्यात तिला सगळे 'मास्तर' म्हणतात. मास्तरीण म्हटलेलं तिला खपत नाही.

आता यातली गंमत अशी की हे राइडर दरवर्षी संघ बदलतात. कोणाचा करार संपतो, कोणाला जास्त भाव मिळतो, कोणाला हाकलतात आणि वर फुलांचा गुच्छ देऊन फोटो काढतात. पण कोण कुठे चाललाय हे एक ऑगस्टच्या आधी कोणी जाहीर करायचं नाही, असा नियम आहे. आणि पुढच्या वर्षीचे कपडे तर जूनपासून कापायला घ्यावे लागतात. मग करायचं काय? मापांचे कागद येतात ते बिननावाचे. वर फक्त नंबर. राइडरनं मापं भरायची, कागद बंद पाकिटात संघाकडे द्यायचा, संघानं पाकीट न उघडता कारखान्यात धाडायचं, मावशीनं ती मापं आपल्या कटिंगच्या कार्डावर उतरवायची, मूळ कागद फाडायचा आणि कार्डाची एक प्रत संघाकडे जायची. इतका बंदोबस्त, की कागदालासुद्धा कळू नये आपण कोणाचे आहोत.

पण मावशीला कळतं. आठ नंबरची डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर जाड? मग तो गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. बारा नंबरची मान एवढी लांब? तो गोरा, जो नेहमी मागे वळून बघतो. मावशी कार्ड लिहिता लिहिता मनातल्या मनात सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून घेते. जूनच्या शेवटी सायकलच्या जगात कोण कुठे जाणार हे दोघांनाच माहीत असतं, एक देव आणि दुसरी मावशी. आणि देवाकडून एखादे वेळी फुटेल.

तिची पद्धत साधी आहे. कोणी काही विचारलं की ती चार टाचण्या उचलून ओठांत धरते. टाचण्या ओठांत असताना माणसाला बोलता येत नाही. संपला विषय.

आमचा न्हावी यावर कितीतरी वर्षं डोकं आपटतोय. त्याच्या दुकानात आरशापेक्षा राइडरांचे फोटो जास्त. मावशी दुकानावरून जाताना दिसली की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून हा बाहेर.

"काय मास्तर! यंदा तो डोंगरवाला निळ्या संघाकडे येतोय म्हणतात."

मावशीच्या ओठांत टाचण्या. या बाईच्या पदरालासुद्धा टाचण्या असतात.

"बरं, हो म्हणू नका. नुसती मान हलवा. नाही, तीही नको. डोळे मिटा. एकदा मिटले तर येतोय, दोनदा मिटले तर नाही."

मावशी डोळे सताड उघडे ठेवून पुढे निघून जाते. न्हावी आत येऊन साबण फासलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, "येतोय. डोळे मिटले नाहीत, म्हणजे दाबून ठेवतेय."

कारखान्याच्या दाराशी एक पत्र्याचा फळा आहे. त्यावर कापणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे खडूनं त्या वर्षीच्या चुका. कोणाच्या सात, कोणाच्या चार. मावशीपुढे शून्य. बावीस वर्षं शून्य. मधे केव्हातरी मालकांनी तिच्यापुढचा शून्य तैलरंगानं रंगवूनच घेतला. "मी काय म्हणतो," मालक म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणतो'नं सुरू होतं आणि बहुतेक तिथेच संपतं. "मी काय म्हणतो, खडू कशाला वाया घालवायचा?"

तो शून्य मावशीला फार प्रिय. बोलून दाखवत नाही, पण रोज आत शिरताना पदराच्या टोकानं त्यावरची धूळ पुसते. दुसऱ्यांच्या चुकांवरची पुसत नाही.

आता मामा.

मामा मावशीचा आणि आईचा धाकटा भाऊ, वय तेहतीस, मुक्काम आमच्या वरच्या खोलीत. मुक्काम म्हणजे वर्षातले दीडेकशे दिवस, उरलेले सायकलवर. तो निळ्या संघात गेली आठ वर्षं आहे. आजवर एकही शर्यत जिंकलेला नाही, आणि त्यासाठी त्याला ठेवलेलंही नाही. सायकलवाल्यांचा मोठा शत्रू म्हणजे समोरचा वारा. तो खायला पुढे एक रुंद माणूस घालायचा आणि त्याच्या मागे संघाचा हिरो आरामात जपून न्यायचा. मामा तो रुंद माणूस. देवानं त्याला पाठच अशी दिली आहे की त्याच्यामागे सायकल काय, छोटा टेम्पो लपेल. संघात त्याला सगळे 'पडदा' म्हणतात. चार वर्षांपूर्वी एका उतारावर पडला, उजवा खांदा मोडला आणि सांधला तो दीड सेंटीमीटर आखूडच. ते पडणं जगातल्या सगळ्या पडद्यांवर तीन-तीनदा दाखवलं, एकदा सावकाश. तरी मामाला वाटतं ते कोणाला माहीत नाही. फोटो काढताना तो उजवीकडून उभा राहत नाही.

आणि मामाला आपण बारीक आहोत असं वाटतं. हे फार महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

यंदा निळ्यांकडे नवीन साहेब आले. आई कारखान्यात टेलिफोनवर बसते, त्यामुळे साहेब लोकांचे आवाज आमच्या घरी ताजे ताजे येतात. हे साहेब मधात बुडवून बोलणारे. "आपला संघ नाही हो, कुटुंब आहे कुटुंब! आणि कुटुंब कसं, नव्यानं बांधावं लागतं!" मामालाही त्यांनी केबिनमध्ये बोलावून दोन्ही हात हातात घेतले. "तू आमचा कणा आहेस, कणा!" मामा घरी आला तो कणा ताठ करून. जेवताना म्हणाला, "साहेब खूश आहेत आपल्यावर."

मावशीनं विचारलं, "करार वाढवला का?"

"कण्याला कोण करार विचारतं, ताई?"

जूनमध्ये निळ्यांचे अठ्ठावीस कागद आले. मावशीनं एकेक कार्ड उतरवलं. सात जणांना ती ओळखत नव्हती, म्हणजे नवीन. एकवीस जुने. तिनं पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग खुर्चीवर बसून पुन्हा बघितले. डाव्यापेक्षा उजवा खांदा दीडनं आखूड असलेला एकही कागद त्यात नव्हता. कुटुंब नव्यानं बांधून झालं होतं, आणि कणा बाहेर राहिला होता.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा टाचण्या ओठांतच होत्या. आईनं विचारलं, "काय झालं गं?" तर हातानं 'काही नाही' केलं. चहा प्यायला टाचण्या काढाव्या लागल्या, तर चहाच प्यायली नाही.

सांगणार कसं? सांगायचं नाही असं लिहून दिलेलं. एक शब्द फुटला तर संघ दुसऱ्या कारखान्यात जातात, आणि मग चाळीस शिलाई मशिनी गप्प. आणि तिकडे मामा, जूनची शर्यत संपवून घरी आलेला, जिन्यावरून शीळ घालत उतरतोय.

आईनं त्याला सरळच विचारलं, "पुढच्या वर्षीचं काय रे?"

मामा भुवई उडवून म्हणाला, "योग्य वेळी कळेल."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलणी चालू आहेत. वरच्या पातळीवर." आणि बोटानं छताकडे दाखवलं. वरच्या पातळीवर त्याचीच खोली आहे.

हे ऐकून मावशी तिथून उठली. नंतर मला म्हणाली, "काढून टाकलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. योग्य वेळी कळेल. बावीस वर्षांत पन्नास जणांनी म्हटलं असेल. त्यातले तिघे आता टायर विकतात." आणि तिनं पदराला टाचणी खोचली ती दोनदा बोटात रुतली.

मग तिनं मामाचं भविष्य सांगता येत नाही तर निदान हातात घ्यायचं ठरवलं. रविवारी त्याला हाक मारली. "इकडे ये, बस. जरा चेन लावून बघ बरं जर्सीला."

"मी?"

"का, हात नाहीत?"

मामा बसला. तीन चेनी उलट्या लावल्या, चौथी बोटाला शिवता शिवता राहिला, पण पाचवी बरी लागली. मावशी म्हणाली, "हात चांगला आहे तुझा. माणसाच्या हातात काहीतरी असावं." पुढच्या रविवारी इलॅस्टिक. त्याच्या पुढच्या रविवारी बसायच्या जागेची गादी. मामा निमूट येऊन बसायचा. मला वाटलं त्याला कळलं असणार. एक दिवस स्वयंपाकघरात तो आईला हळूच म्हणाला, "ताईला आता झेपत नाही बघ. डोळे गेलेत. तोंडानं मागत नाही, पण मदत हवी असते. म्हणून मी बसतो. बिचारी."

तासाभरानं मावशी त्याच स्वयंपाकघरात, त्याच आईला म्हणाली, "शिकतोय गं मन लावून. आतून कळलेलं असतं माणसाला. बिचारा."

आई दोघांनाही "हं" म्हणाली. टेलिफोनवर बसून बसून तिचा 'हं' फार सफाईदार झालाय.

खरी गोष्ट काय होती ती आता सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मामाची बोलणी खरंच चालू होती. चालू काय, संपलेली. राखाडी संघाला आपल्या उंच हिरोपुढे घालायला एक रुंद माणूस हवा होता आणि त्यांनी आमच्या पडद्याला, म्हणजे मामाला, दोन वर्षांसाठी ठरवलं होतं. निळ्यांनी काढल्याचं त्याला मे महिन्यातच कळलं होतं. पण एक ऑगस्टपर्यंत तोंड उघडायचं नाही असं त्यानंही लिहून दिलेलं. आणि राखाडींनी यंदा शिंपी बदलून आमच्या समोरच्या कारखान्याला काम दिलंय हेही गुपितच, ते मामाला माहीत नव्हतं. एकाच टेबलावर, एकाच भाजीच्या दोन बाजूंना, एकच गुपित दोघं जण एकमेकांपासून जपत बसले होते.

राखाडींचे कागद आले तेव्हा सतरा नंबरचा कागद बघून मावशी कारखान्यात मोठ्यानं हसली. असं ती सहसा करत नाही. "हा कोण आलाय बाई? मनगट पैलवानाचं आणि कंबर बाहुलीची! आणि दोन्ही खांदे अगदी सारखे. सारखे खांदे तर दुकानातल्या पुतळ्याला असतात." पण तिचं काम उतरवायचं. उतरवलं. मूळ कागद फाडला. कार्डाची प्रत राखाडींकडे गेली.

राखाडी संघाची मॅनेजर एक बाई आहे. ती मधातबिधात काही बुडवत नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी तिचा फोन आला आणि त्या संध्याकाळी आईनं तो जेवणाच्या टेबलावर जसाच्या तसा वाजवून दाखवला. मामा त्या दिवशी सरावाला बाहेरगावी होता.

"मालक आहेत का? नसतील तर तुम्ही लिहून घ्या. सतरा नंबर. आम्ही कपाट ठरवलंय, कार्डावर स्टूल आलंय. राइडर कंबरेबद्दल खोटं बोलतात, ते मला माहितीय. दोन सेंटीमीटर, तीन. नऊ? करारावेळी आमच्या डॉक्टरनं मोजली त्यापेक्षा नऊ कमी. नऊ सेंटीमीटर खोटं कोणी बोलत नाही. म्हणजे एक तर माणूस आजारानं सुकलाय, नाहीतर तुमच्याकडे उतरवताना चूक झाली. त्याला विचारलं, तो म्हणतो मापं अचूक दिलीत. शुक्रवारपर्यंत लेखी कळवा. चूक नसेल तर सतरा नंबर रद्द. सुकलेलं कपाट नको. दुसरं बघू. बस."

"हं," आईनं तिला म्हटलं होतं.

मावशीला राग आला. "माझी उतरवताना चूक? मनगट अठरा, घोटा चोवीस, मान एकोणचाळीस, कंबर शहात्तर. डोळे मिटून सांगते." ती अजून मापं घडाघडा म्हणून दाखवत होती आणि मधेच थांबली. "पण मनगट अठरा कसं?"

"का नसावं?" आई म्हणाली.

"अगं, मनगटाबद्दल कोणी खोटं बोलत नाही. घोट्याबद्दल कोण कशाला बोलेल? माणूस खोटं बोलतो ते पोटापाशी. पण राइडरच्या मानानं याचं मनगटही एकानं जास्त वाटतं, घोटाही एकानं जास्त. मानसुद्धा. ज्या ठिकाणी खोटं बोलून काही मिळत नाही तिथे सगळीकडे एकसारखं एक सेंटीमीटर जास्त. माणूस चुकलेला नाही. टेप चुकलीय."

आणि मग आईनं मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं, कारण आमच्या घरात चुकलेली टेप एकच आहे.

ती स्वयंपाकघरातल्या खणात असते. तिचा पहिला सेंटीमीटर नाही. मी सहा वर्षांची असताना बाहुलीचा पट्टा करायला तो कापला होता, आणि त्यासाठी जो मार खाल्ला तो अजून आठवतो. तेव्हापासून घरात सगळ्यांना माहीत आहे की या टेपनं मोजलं की एक वजा करायचा. सगळ्यांना म्हणजे, जे वर्षभर घरात असतात त्यांना.

मावशी उठली. खणातून टेप काढली. माझं मनगट धरून मोजलं, मग आपली चांगली टेप काढून पुन्हा मोजलं. बरोबर एकाचा फरक.

"ही टेप हल्ली कोणी घेतली होती?"

मला एकदम आठवलं. "मामानं. मेच्या शेवटी. बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये काय करत होता?"

"दार लोटलेलं होतं. आरशापुढे उभा राहून पोट आत ओढून मोजत होता. श्वास धरून. तोंड लाल झालं होतं. मी विचारलं काय करतोस, तर म्हणाला, 'तब्येतीची नोंद ठेवतोय.' आणि मग श्वास सोडला आणि टेप हातातून सुटली."

मावशी खुर्चीवर बसली. बोटांवर एक-एक वजा करत गेली. अठरातून एक, सतरा. चोवीसातून एक, तेवीस. ओठ हलत होते. "डावा खांदा सोळातून एक, पंधरा. हो. उजवा..." इथे ती थांबली. "उजवा साडेतेरा आहे त्याचा. त्यानं सोळा लिहिलाय. लपवला मेल्यानं. लपवला म्हणून तर मी ओळखलं नाही!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. महिना-दीड महिना ज्याच्यासाठी जिवाला घोर लावून घेतला, ज्याला इलॅस्टिक लावायला शिकवलं, तो गडी दोन वर्षांसाठी ठरलेला होता! आई म्हणाली, "अगं मग रडतेस काय?" आणि तीही पुसायला लागली.

मग आई मधेच म्हणाली, "पण ताई, शुक्रवार."

हसणं थांबलं.

आता बघा पेच कसा होता. मावशीनं 'कार्ड बरोबर आहे' असं कळवलं तर बाई सुकलेलं कपाट रद्द करणार. 'हा माझा भाऊ, यानं श्वास धरून मोजलंय' असं कळवलं तर दोन्हीकडची गुपितं फुटणार आणि वर मामा खोटारडा ठरणार. आणि मामाला सांगून नवीन मापं मागवावीत, तर तो पुन्हा श्वास धरणार. शिवाय तो ज्यांना रुंद म्हणून हवा होता, त्यांच्यापासूनच त्यानं रुंदी लपवली होती. याला काय करावं?

"एकच राहतं," मावशी म्हणाली. आईनं तिच्याकडे बघितलं. "नाही हं ताई. बावीस वर्षं."

मावशीनं टाचण्या उचलल्या.

गुरुवारी सकाळी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. आई काचेपलीकडे टेलिफोनवर, त्यामुळे हेही जसंच्या तसं.

"सतरा नंबर. उतरवताना चूक झाली. माझी."

"मी काय म्हणतो..." मालक म्हणाले, आणि पुढे त्यांना काही म्हणताच आलं नाही. शेवटी म्हणाले, "मास्तर, बरं नाहीय का तुम्हाला?"

"दुसऱ्याच कोणाचे आकडे पडले हातून. बरोबर मापं ही." आणि तिनं नवीन कार्ड ठेवलं. छाती एकशे एक. कंबर पंच्याऐंशी. उजवा खांदा साडेतेरा. जानेवारीत निळ्यांचे कपडे अंगावर बसवून बघताना तिनं स्वतः घेतलेली, पाठ असलेली.

"पण मूळ कागद?"

"फाडला. नियमच आहे."

मालकांनी चूक नोंदवायचा फॉर्म शोधायला अर्धा तास लावला, कारण मावशीसाठी तो कधी काढलाच नव्हता. तिनं सही केली. दुपारी राखाडी बाईंचा फोन आला. "हं. हे कपाट आहे. बस."

फळ्याचं काय करायचं यावर मालकांना झोप आली नाही म्हणे. नियम तो नियम. शुक्रवारी एका कामगाराला सुरी देऊन शून्य खरवडायला लावला. तैलरंग काही निघेना. निघाला तेव्हा पत्राही थोडा निघाला. त्या खरवडलेल्या जागेवर मालकांनी स्वतःच्या हातानं, खडूनं, शक्य तितका बारीक 'एक' काढला. मावशी आली, थांबली, पदराचं टोक हातात घेतलं. मग लक्षात आलं की खडू पुसला जाईल. तशीच आत गेली.

एक ऑगस्टला सकाळी सगळं जाहीर झालं. न्हाव्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची मिशी चुकून अर्धी गेली, इतका गोंधळ. मामा जिन्यावरून उतरला तो राखाडी जर्सीत. आमच्या समोरच्या कारखान्याचा शिक्का असलेल्या खोक्यातून काढून तशीच चढवलेली. जर्सी अशी बसली होती की जणू अंगावरच विणलीय. एक सुरकुती नाही. उजव्या खांद्यालाही नाही.

"ताई! आता बोल! योग्य वेळी कळेल म्हटलं होतं की नाही?" तो मावशीपुढे गोल फिरला. "सतरा नंबर! मीच तो. ओळखलंस का? नाही ना? बावीस वर्षं मापं घेतेस, आणि सख्खा भाऊ ओळखता आला नाही!"

"नाही बाबा आला," मावशी म्हणाली. तिचा हात मात्र त्याच्या खांद्यावर फिरत होता, शिवणीवरून. "हात वर कर. घे खाली. ओढतंय का?"

"ओढेल कसं? मापं मी स्वतः घेतलीत. एकट्यानं. एका सेंटीमीटरचा फरक नाही बघ! कसली तुमची ती मास्तरकी, टेप धरायला काय लागतं?" मग त्यानं आवाज खाली आणला, जसा मोठी माणसं लहान मुलाला समजावताना आणतात. "न्हावी सांगत होता, फळ्यावर तुझ्यापुढे एक आलाय म्हणे. आणि आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, माझंच कार्ड उतरवताना चुकलीस? अगं, बाईंनी वेळेवर धरलं म्हणून बरं, नाहीतर तुझ्यापायी माझं सगळंच मुसळ केरात गेलं असतं. असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस. वय होतं माणसाचं. मी रविवारी असलो की चेनी लावत जाईन तुला."

"लाव हो," मावशी म्हणाली.

"बिचारी," मामा आईला डोळ्यांनी म्हणाला.

"हं," आई म्हणाली.

 बाथरूम, लाल तोंड, बाहुलीचा पट्टा, सगळं एकदम माझ्या ओठांवर आलं. मी तोंड उघडलं.

मावशीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपरानं टाचण्यांची डबी टेबलावरून सरकवली, ती येऊन माझ्या हातापाशी थांबली. मी चार उचलल्या.